ग्रीन बे पॅकर्सचे मुख्य प्रशिक्षक : अधिकारांची मांडणी आणि एका लोकमालकीच्या संघाचा इतिहास

प्रस्तावना

एखाद्या संस्थेचे यशापयश तिच्या प्रमुखाच्या व्यक्तिमत्त्वावर अवलंबून असते की त्या संस्थेने केलेल्या अधिकारांच्या मांडणीवर, हा प्रश्न इतिहास, लोकप्रशासन आणि व्यवस्थापनशास्त्र या तिन्ही विद्याशाखांना सारखाच महत्त्वाचा वाटत आला आहे. बहुतेक संस्थांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड जाते, कारण यश कशाला म्हणावे यावरच एकमत नसते. व्यावसायिक क्रीडासंघांची स्थिती याहून वेगळी आहे. तेथे प्रत्येक हंगामाच्या अखेरीस निकाल आकड्यांत नोंदविला जातो आणि प्रमुखाची कारकीर्द त्या आकड्यांवरून जोखली जाते.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बे या लहान शहराचा 'ग्रीन बे पॅकर्स' हा अमेरिकन फुटबॉलचा संघ या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. या संघाला कोणी एक मालक नाही. त्यामुळे प्रमुखाला किती अधिकार द्यावेत, हा प्रश्न मालकाच्या मर्जीने सुटत नाही. तो संस्थेलाच वेळोवेळी सोडवावा लागतो. १९२१ ते २०१९ या काळात पंधरा व्यक्तींची मुख्य प्रशिक्षकपदी नियमित नेमणूक झाली. त्यांपैकी केवळ चौघांना राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविता आले. या पंधरा कारकिर्दींचा आढावा घेऊन त्यामागील अधिकारांच्या मांडणीचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

खेळ आणि पदे

अमेरिकन फुटबॉल हा पायाने खेळावयाच्या फुटबॉलहून सर्वस्वी भिन्न खेळ आहे. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावत किंवा पुढच्या सहकाऱ्याकडे फेकत प्रतिपक्षाच्या सीमेपर्यंत न्यावयाचा, असे त्याचे स्थूल स्वरूप आहे. एका वेळी प्रत्येक बाजूचे अकरा खेळाडू मैदानात असतात. आक्रमणाची सूत्रे ज्याच्या हाती असतात त्या खेळाडूस 'क्वार्टरबॅक' म्हणतात. प्रत्येक चाल आधी ठरविलेली असते. त्यामुळे चाली आखणारा, शिकविणारा आणि सामन्याच्या वेळी त्यांची निवड करणारा मुख्य प्रशिक्षक या खेळात असाधारण महत्त्वाचा ठरतो.

मुख्य प्रशिक्षकाबरोबर आणखी एक पद लक्षात घेणे आवश्यक आहे, ते म्हणजे सरव्यवस्थापकाचे. कोणते खेळाडू घ्यावेत, कोणते सोडावेत, कोणाशी किती वेतनाचा करार करावा, हे ठरविणे त्याचे काम. १९३६ पासून महाविद्यालयीन खेळाडूंची वार्षिक निवड 'ड्राफ्ट' या पद्धतीने होते. साधारणतः आधीच्या हंगामात मागे पडलेल्या संघाला आधी निवड करण्याची संधी मिळते. निवडीचे हे हक्क संघांना आपसांत देता-घेताही येतात. थोडक्यात, सरव्यवस्थापक पुढील पाच वर्षांकडे पाहतो, तर प्रशिक्षकाला पुढील रविवारचा सामना जिंकावयाचा असतो. ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीकडे असावीत की नाही, याच प्रश्नाभोवती पॅकर्सचा इतिहास फिरत राहिला आहे.

लोकमालकीची रचना

११ ऑगस्ट १९१९ रोजी अर्ल 'कर्ली' लॅम्बो आणि स्थानिक वृत्तपत्रातील क्रीडासंपादक जॉर्ज कॅल्हून यांच्या पुढाकाराने या संघाची स्थापना झाली. लॅम्बो ज्या 'इंडियन पॅकिंग कंपनी'त नोकरी करीत होते, त्या मांस-डबाबंदीच्या कंपनीने गणवेशासाठी पैसे दिले आणि त्यावरूनच 'पॅकर्स' हे नाव रूढ झाले. १९२१ मध्ये संघ राष्ट्रीय पातळीवरील व्यावसायिक संघटनेत दाखल झाला. पुढच्याच वर्षी त्या संघटनेने 'नॅशनल फुटबॉल लीग' हे नाव धारण केले. १९२० च्या जनगणनेत ग्रीन बेची लोकसंख्या सुमारे ३१ हजार होती; २०२० मध्येही ती एक लाख सात हजारांच्या आसपास भरली. एवढ्या लहान गावांतील इतर संघ एकामागून एक बंद पडले किंवा मोठ्या शहरांत गेले. पॅकर्स मात्र टिकले, आणि याचे प्रमुख कारण त्यांच्या मालकीच्या स्वरूपात आहे.

१९२३ मध्ये गावातील व्यापारी व व्यावसायिक यांनी एकत्र येऊन नफा न कमावणारी संस्था स्थापन केली आणि पाच डॉलर दराने समभाग विकले. त्यानंतर १९३५, १९५०, १९९७-९८, २०११-१२ आणि २०२१-२२ असे आणखी पाच वेळा समभाग विक्रीस काढण्यात आले. आज भागधारकांची संख्या पाच लाखांहून अधिक आहे. या समभागांवर लाभांश मिळत नाही, ते बाजारात विकता येत नाहीत, आणि संस्था विसर्जित झाल्यास उरलेली रक्कमही भागधारकांना न मिळता धर्मादाय कार्याकडे जाते. भागधारक संचालक मंडळ निवडतात व त्यातून सात जणांची कार्यकारी समिती कारभार पाहते. लीगच्या आजच्या नियमांनुसार अशा स्वरूपाची मालकी नव्याने कोणालाही घेता येत नाही. पॅकर्सची रचना जुनी असल्याने तिला सूट मिळाली आहे.

मालक नसल्याने संघ गावाबाहेर जाऊ शकला नाही, हा या रचनेचा लाभ. परंतु मालक नसल्याने अंतिम निर्णय कोणाचा, हा प्रश्न सदैव उघडा राहिला, ही तिची अडचण. ती पहिल्या प्रशिक्षकाच्या अखेरच्या वर्षांतच प्रकट झाली.

लॅम्बो पर्व : १९२१ ते १९४९

लॅम्बो हे संस्थापक, खेळाडू, प्रशिक्षक आणि व्यवस्थापक असे सर्व काही होते. १९२९ पर्यंत ते स्वतः मैदानात उतरत असत. चेंडू पुढे फेकण्याच्या चालीला इतर संघ जोखीम मानत असताना त्यांनी तिला आपल्या खेळाचा मुख्य आधार केले. १९३५ मध्ये संघात आलेल्या डॉन हटसन या खेळाडूमुळे ती चाल अधिकच प्रभावी झाली. १९२९, १९३० व १९३१ अशी सलग तीन आणि त्यानंतर १९३६, १९३९ व १९४४ अशी एकूण सहा अजिंक्यपदे या पर्वात मिळाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर परिस्थिती पालटली. १९४६ मध्ये प्रतिस्पर्धी लीग सुरू झाल्याने खेळाडूंचे वेतन वाढले. त्याच वर्षी लॅम्बो यांच्या आग्रहावरून संघाच्या निवासासाठी 'रॉकवुड लॉज' ही वास्तू विकत घेण्यात आली. तिच्या खर्चावरून कार्यकारी समितीशी त्यांचे मतभेद विकोपास गेले. १९४८ मध्ये तीन आणि १९४९ मध्ये अवघे दोन सामने जिंकता आले. जानेवारी १९५० मध्ये रॉकवुड लॉज आगीत भस्मसात झाले. विम्याच्या रकमेने संस्थेला हात दिला, पण त्यानंतर काही दिवसांतच लॅम्बो राजीनामा देऊन शिकागो कार्डिनल्स या संघाकडे गेले. एकाच व्यक्तीभोवती उभी राहिलेली संस्था त्या व्यक्तीच्या चुकांपासून स्वतःला वाचवू शकत नाही, हा पहिला धडा येथे मिळाला.

समितीचा काळ : १९५० ते १९५८

या धड्यातून संस्थेने जो निष्कर्ष काढला तो दुसऱ्या टोकाचा होता. सर्वाधिकारी प्रशिक्षक नको म्हणून समितीने कारभारात अधिकाधिक लक्ष घालण्यास सुरुवात केली. जीन रोंझानी, लाइल ब्लॅकबर्न आणि रे 'स्कूटर' मॅक्लीन हे तीन प्रशिक्षक नऊ वर्षांत आले आणि गेले. १९५३ मध्ये तर दोन सामने शिल्लक असतानाच रोंझानी यांना जावे लागले व उरलेल्या सामन्यांसाठी दोन साहाय्यकांची संयुक्त नेमणूक करावी लागली. मॅक्लीन यांच्या एकमेव हंगामात, १९५८ मध्ये, बारा सामन्यांत एक विजय, दहा पराभव आणि एक बरोबरी अशी नोंद झाली. संघाच्या इतिहासातील हा सर्वांत निकृष्ट हंगाम होय.

मात्र या काळात एक महत्त्वाचे काम शांतपणे चालू होते. जॅक वैनिसी हा तरुण अधिकारी महाविद्यालयीन खेळाडूंची बारकाईने माहिती गोळा करीत होता. बार्ट स्टार आणि फॉरेस्ट ग्रेग १९५६ मध्ये, पॉल हॉर्नंग १९५७ मध्ये, तर जिम टेलर, रे नित्श्के व जेरी क्रेमर १९५८ मध्ये निवडले गेले. स्टार यांची निवड तर सतराव्या फेरीत, एकूण दोनशेव्या क्रमांकावर झाली होती. हे सहाही खेळाडू पुढे फुटबॉलच्या मानवंदना दालनात विराजमान झाले. १९५८ चा दारुण पराभव आणि पुढील दशकाचे वैभव यांचे साहित्य बहुतांशी एकच होते, ही बाब येथे ध्यानात ठेवावयास हवी.

विन्स लोम्बार्डी : १९५९ ते १९६७

१९५९ च्या आरंभी न्यूयॉर्क जायंट्स संघाचे साहाय्यक प्रशिक्षक विन्स लोम्बार्डी यांना पाचारण करण्यात आले. त्या वेळी त्यांचे वय ४५ वर्षांचे होते आणि व्यावसायिक संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदाचा त्यांना काहीही अनुभव नव्हता. त्यांनी प्रशिक्षक आणि सरव्यवस्थापक ही दोन्ही पदे स्वीकारली आणि फुटबॉलच्या कारभारात समितीने हस्तक्षेप करू नये, हे आरंभीच स्पष्ट केले. नऊ वर्षांच्या अनुभवाने पोळलेल्या समितीने ते मान्य केले.

लोम्बार्डी मूळचे शिक्षक होते. न्यू जर्सीतील सेंट सिसिलिया या माध्यमिक शाळेत त्यांनी फुटबॉलच्या प्रशिक्षणाबरोबरच भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व लॅटिन हे विषय शिकविले होते. त्यांच्या प्रशिक्षणपद्धतीवर या पार्श्वभूमीची छाप स्पष्ट दिसते. अनेक गुंतागुंतीच्या चाली शिकविण्याऐवजी मोजक्याच चाली, परंतु त्या निर्दोष होईपर्यंत घोटवून घ्यावयाच्या, हे त्यांचे सूत्र होते. 'पॉवर स्वीप' ही त्यांची प्रसिद्ध चाल प्रतिपक्षाला आधीच ठाऊक असे, तरीही ती अडविणे कठीण जात असे.

पहिल्याच हंगामात सात विजय मिळाले. १९६० मध्ये अंतिम सामन्यात फिलाडेल्फियाकडून पराभव झाला. परंतु त्यानंतर १९६१, १९६२, १९६५, १९६६ व १९६७ अशी पाच अजिंक्यपदे संघाने पटकावली. पहिले दोन्ही 'सुपर बोल' सामने, जानेवारी १९६७ आणि जानेवारी १९६८ मध्ये, पॅकर्सनीच जिंकले. सप्टेंबर १९७० मध्ये लोम्बार्डी यांचे निधन झाल्यानंतर सुपर बोलच्या विजयचषकाला त्यांचे नाव देण्यात आले.

या यशाचा जो अर्थ ग्रीन बेमध्ये लावला गेला, तोच पुढील अपयशाचे कारण ठरला. दोन्ही पदे एकाच कर्तबगार व्यक्तीकडे दिली की विजय मिळतो, असा समज दृढ झाला. वैनिसी यांनी आधीच जमविलेल्या खेळाडूंचा या यशातील वाटा मात्र विस्मरणात गेला. वैनिसी स्वतः १९६० मध्ये, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी निवर्तले होते.

वारशाचे ओझे : १९६८ ते १९९१

लोम्बार्डी यांनी १९६८ मध्ये प्रशिक्षकपद सोडून बचावफळीचे प्रशिक्षक फिल बेंगटसन यांना पुढे आणले. वर्षभराने लोम्बार्डी वॉशिंग्टनच्या संघाकडे गेल्यावर सरव्यवस्थापकपदही बेंगटसन यांच्याकडे आले. खेळाडू वयस्क होत चालले होते आणि त्यांची जागा घेणारे तयार नव्हते. तीन हंगामांत २० विजय व २१ पराभव अशी नोंद होऊन ही कारकीर्द संपली.

मिसुरी विद्यापीठातून आलेल्या डॅन डिव्हाइन यांनाही दोन्ही पदे मिळाली. १९७२ मध्ये त्यांनी संघाला गटविजेतेपद मिळवून दिले. परंतु १९७४ च्या हंगामाच्या मध्यात त्यांनी जॉन हॅडल या ३४ वर्षांच्या क्वार्टरबॅकसाठी पुढील दोन ड्राफ्टमधील पाच निवड-हक्क लॉस एंजेलिस रॅम्स संघाला देऊन टाकले. त्यांत पहिल्या फेरीचे दोन आणि दुसऱ्या फेरीचे दोन हक्क होते. पुढचा रविवार जिंकण्यासाठी पुढची वर्षे गहाण टाकण्याचे हे ठळक उदाहरण होय. प्रशिक्षकाच्या घाईला आवर घालणारा सरव्यवस्थापक तेथे नव्हता, कारण सरव्यवस्थापक तेच होते. हंगामाअखेर डिव्हाइन नोट्र डेम विद्यापीठाकडे निघून गेले आणि रिकाम्या हाताने बसण्याची पाळी उत्तराधिकाऱ्यावर आली.

तो उत्तराधिकारी म्हणजे लोकांचा लाडका बार्ट स्टार. साहाय्यक म्हणून केवळ एका हंगामाचा अनुभव असलेल्या स्टार यांच्यावर दोन्ही जबाबदाऱ्या टाकण्यात आल्या. १९८० च्या हंगामानंतर सरव्यवस्थापकपद त्यांच्याकडून काढून घेण्यात आले. नऊ वर्षांत ५२ विजय, ७६ पराभव व तीन बरोबरी अशी त्यांची नोंद आहे. त्यांच्यानंतर आलेले फॉरेस्ट ग्रेग हेही लोम्बार्डी यांचेच खेळाडू. सिनसिनाटीच्या संघाला त्यांनी सुपर बोलपर्यंत नेले होते. येथे मात्र चार हंगामांत त्यांचे पराभव विजयांहून अधिक भरले. वैभवकाळातील नायकांना परत बोलावून वैभव परत येत नाही, हे दोन्ही नेमणुकांनी दाखविले.

१९८७ मध्ये फुटबॉलविषयक कारभार टॉम ब्राट्झ यांच्याकडे सोपविण्यात आला आणि १९८८ मध्ये लिंडी इन्फान्टे प्रशिक्षक झाले. पदे वेगळी झाली, पण अंतिम शब्द कोणाचा हे पुरेसे स्पष्ट झाले नाही. १९८९ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर टोनी मँडरिच यांची निवड झाली आणि ती फसली. त्यांच्या लगेच पुढच्या तीन क्रमांकांवर निवडले गेलेले तिन्ही खेळाडू मानवंदना दालनात पोहोचले. १९६८ ते १९९१ या चोवीस हंगामांत पॅकर्सना केवळ दोनदा, १९७२ व १९८२ मध्ये, बादफेरी गाठता आली.

पदांची फारकत : १९९१ ते २०००

१९८९ मध्ये अध्यक्ष झालेल्या बॉब हार्लन यांनी या प्रश्नाचे मूळ ओळखले. नोव्हेंबर १९९१ मध्ये त्यांनी रॉन वुल्फ यांना सरव्यवस्थापक नेमले आणि खेळाडूंपासून प्रशिक्षकाच्या नेमणुकीपर्यंतचे सर्व फुटबॉलविषयक अधिकार त्यांना दिले. समितीचा हस्तक्षेप थांबला. त्याचबरोबर उत्तरदायी कोण, हेही निश्चित झाले.

वुल्फ यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या संघातून माइक होल्मग्रेन यांना आणले. होल्मग्रेन हेही एके काळी माध्यमिक शाळेत शिक्षक होते. १९९२ मध्ये वुल्फ यांनी पहिल्या फेरीचा हक्क देऊन ब्रेट फार्व्ह हा अपरिचित क्वार्टरबॅक मिळविला; त्याला घडविण्याचे काम होल्मग्रेन यांनी केले. निवड एकाची आणि शिक्षण दुसऱ्याचे, अशी ही विभागणी होती. जानेवारी १९९७ मध्ये न्यू इंग्लंडला ३५-२१ असे नमवून पॅकर्सनी २९ वर्षांनंतर सुपर बोल जिंकला.

१९९९ च्या आरंभी होल्मग्रेन सिॲटलला गेले. तेथे त्यांना प्रशिक्षकपदाबरोबर सरव्यवस्थापकपदही मिळत होते. २००२ च्या हंगामानंतर ते दुसरे पद त्यांच्याकडून काढून घेण्यात आले, आणि केवळ प्रशिक्षक म्हणून त्यांनी सिॲटलला २००५ च्या हंगामात सुपर बोलच्या सामन्यापर्यंत नेले. ग्रीन बेमध्ये त्यांच्या जागी आलेले रे रोड्स हे संघाचे पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. आठ विजय व आठ पराभव अशा एकाच हंगामानंतर वुल्फ यांनी त्यांना दूर केले.

जुन्या वाटेवर पुन्हा : २००१ ते २००५

२००० मध्ये आलेल्या माइक शर्मन यांना २००१ मध्ये वुल्फ निवृत्त झाल्यावर सरव्यवस्थापकपदही देण्यात आले. ज्या हार्लन यांनी पदांची फारकत केली, त्यांच्याच कारकिर्दीत ती मोडली गेली, हे लक्षणीय आहे. शर्मन यांचे प्रशिक्षक म्हणून काम कमी प्रतीचे नव्हते. २००२ ते २००४ अशी सलग तीन गटविजेतेपदे त्यांच्या नावावर आहेत. परंतु ड्राफ्टमधील निवडी अपेक्षेप्रमाणे फळल्या नाहीत. जानेवारी २००५ मध्ये सरव्यवस्थापकपद टेड थॉम्पसन यांच्याकडे गेले आणि त्या वर्षीच्या हंगामात केवळ चार विजय मिळाल्यावर शर्मन यांना पदमुक्त करण्यात आले.

२००६ नंतरचा काळ

थॉम्पसन यांनी २००५ च्या ड्राफ्टमध्ये चोविसाव्या क्रमांकावर ॲरन रॉजर्स यांची निवड केली. फार्व्ह खेळत असताना दुसरा क्वार्टरबॅक घेणे तत्काळ विजयाच्या दृष्टीने अनावश्यक होते. भविष्याचा विचार करणाऱ्यालाच ते सुचू शकले. २००६ मध्ये प्रशिक्षक झालेल्या माइक मॅकार्थी यांनी रॉजर्स यांना तयार केले. फेब्रुवारी २०११ मध्ये पिट्सबर्गला ३१-२५ असे हरवून पॅकर्सनी तेरावे अजिंक्यपद मिळविले. २००९ ते २०१६ अशी सलग आठ वर्षे संघ बादफेरीत पोहोचला.

जानेवारी २०१८ मध्ये अध्यक्ष मार्क मर्फी यांनी रचनेत बदल केला. नवे सरव्यवस्थापक ब्रायन गुटेकुन्स्ट आणि प्रशिक्षक या दोघांनीही थेट अध्यक्षांना उत्तरदायी राहावे, असे ठरले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, हंगाम संपण्यापूर्वीच, मॅकार्थी यांना दूर करण्यात आले. २०१९ मध्ये ३९ वर्षांचे मॅट लाफ्लर यांची नेमणूक झाली. पहिल्या तीन हंगामांत प्रत्येकी तेरा विजय मिळवून त्यांनी उत्तम आरंभ केला. मात्र त्या तिन्ही वर्षी संघ सुपर बोलपर्यंत पोहोचू शकला नाही. अधिकारांची चोख मांडणी विजयाची शक्यता वाढविते, विजयाची हमी देत नाही, असे यावरून म्हणता येईल.

तक्ता : मुख्य प्रशिक्षक आणि त्यांची नोंद (नियमित हंगामातील विजय-पराभव-बरोबरी)

कर्ली लॅम्बो, १९२१-४९ : २०९-१०४-२१, सहा अजिंक्यपदे
जीन रोंझानी, १९५०-५३ : १४-३१-१
लाइल ब्लॅकबर्न, १९५४-५७ : १७-३१-०
रे मॅक्लीन, १९५८ : १-१०-१
विन्स लोम्बार्डी, १९५९-६७ : ८९-२९-४, पाच अजिंक्यपदे
फिल बेंगटसन, १९६८-७० : २०-२१-१
डॅन डिव्हाइन, १९७१-७४ : २५-२७-४
बार्ट स्टार, १९७५-८३ : ५२-७६-३
फॉरेस्ट ग्रेग, १९८४-८७ : २५-३७-१
लिंडी इन्फान्टे, १९८८-९१ : २४-४०-०
माइक होल्मग्रेन, १९९२-९८ : ७५-३७-०, एक अजिंक्यपद
रे रोड्स, १९९९ : ८-८-०
माइक शर्मन, २०००-०५ : ५७-३९-०
माइक मॅकार्थी, २००६-१८ : १२५-७७-२, एक अजिंक्यपद
मॅट लाफ्लर, २०१९ पासून

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१. सर्वाधिकारी प्रमुख आणि सर्वत्र लक्ष घालणारी समिती, ही दोन्ही टोके ग्रीन बेने अनुभवली. लॅम्बो पर्वाच्या अखेरीस पहिल्याचे आणि १९५० च्या दशकात दुसऱ्याचे दोष उघड झाले.

२. लोम्बार्डी यांचे यश हा अपवाद होता, परंतु तो नियम मानला गेला. त्यांच्या यशातील इतरांचा वाटा नजरेआड झाल्याने जवळजवळ पाव शतक चुकीच्या मांडणीची पुनरावृत्ती झाली.

३. पदांची केवळ विभागणी पुरेशी नसते. १९८७ ते १९९१ या काळात पदे वेगळी असूनही अधिकार धूसर राहिल्याने अपयश आले. १९९१ नंतरचे यश विभागणीइतकेच स्पष्टतेचे आहे.

४. आजचे काम पार पाडणारा आणि उद्याची तजवीज करणारा यांच्यात एक आवश्यक ताण असतो. दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे गेल्या की तो ताण नाहीसा होतो आणि बहुधा उद्याचा बळी जातो. हॅडल प्रकरण त्याचा पुरावा, तर रॉजर्स यांची निवड ही त्याची दुसरी बाजू होय.

ग्रीन बे पॅकर्सचा इतिहास सांगताना लॅम्बो आणि लोम्बार्डी यांची नावे प्रथम घेतली जातात आणि ते योग्यही आहे. मैदानाला एकाचे व विजयचषकाला दुसऱ्याचे नाव आहे. परंतु त्या दोघांच्या दरम्यान आणि त्यांच्यानंतर जे अकरा जण राष्ट्रीय अजिंक्यपदाविना राहिले, त्यांतील अनेक जण गुणवान होते. बेंगटसन उत्तम बचाव शिकवीत, स्टार यांची निष्ठा वादातीत होती, शर्मन सामने जिंकत होते. त्यांना जे काम येत होते त्याच्याबरोबर जे येत नव्हते तेही त्यांच्यावर सोपविले गेले. त्यांच्या अपयशाचा हिशेब मांडताना त्यातील संस्थेचा वाटाही मांडला गेला पाहिजे.